पडदा पुन्हा का सुटतो?

"डागदर, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरचे, पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी दवाखान्याच्या बाकावर बसून मला विचारत होते. उजव्या डोळ्याची दोनदा शस्त्रक्रिया झालेली. पहिल्या वेळी डोळ्याचा पडदा सुटला म्हणून आणि दुसऱ्या वेळी बसवलेला पडदा पुन्हा सुटला म्हणून. आता त्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो आणि समोर हात हलवला तर तो हललेला समजतो. पाड्यावर सर्वांनी एकमताने निकाल दिला होता : "ऑपरेशन झाल्यावर यांनी नाचणीचं पोतं उचललं, म्हणून डोळा गेला." बायको तेच म्हणे, मुलगा तेच म्हणे आणि आता त्यांनाही ते पटू लागले होते.

मी नेत्रतज्ज्ञ नाही. खोडाळ्यात गेली अनेक वर्षे लहानसा दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. परंतु या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग होते, कारण चुकांचा हिशेब मांडायचाच तर त्यात पहिली चूक माझी होती. सुरुवातीला ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले होते, "डोळ्यापुढे काळ्या माशा उडतात, रात्री वीज चमकल्यासारखी होते." मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, अशक्तपणा आहे असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ते पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा खालून वर पडदा चढावा तशी सावली डोळ्यात आली होती. ते पंधरा दिवस मी घालवले. आजचा लेख त्या पंधरा दिवसांचे थोडेफार प्रायश्चित्त समजावे.

पडदा म्हणजे काय?

आपल्या डोळ्याच्या आतल्या भिंतीला मागच्या बाजूने एक अत्यंत पातळ थर अस्तरासारखा लागलेला असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. बोलीत आपण त्याला पडदा म्हणतो. प्रकाश यावर पडतो आणि येथून मेंदूकडे संदेश जातो. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. वय वाढले की तो पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निर्विघ्न पार पडते. काहींच्या बाबतीत मात्र सुटताना तो पडद्याला ओढतो आणि पडदा एखाद्या ठिकाणी फाटतो. त्या भोकातून पाणी मागे शिरते आणि भिंतीचा ओला कागद निघावा तसा पडदा भिंतीपासून निघत जातो. माशा दिसणे, वीज चमकणे आणि मग सावली चढणे, ही त्याची तीन लक्षणे. दुखत मात्र काहीच नाही, आणि घात होतो तो येथेच. दाढ दुखली तर माणूस रात्री दोन वाजता दार ठोठावतो. डोळा न दुखता चालला असेल तर भातलावणी उरकेपर्यंत थांबतो.

ज्यांच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे, ज्यांच्या डोळ्याला मार लागला आहे, ज्यांच्या घरात कुणाचा पडदा सुटलेला आहे, ज्यांचा दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वी सुटला आहे आणि ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, अशांना हा धोका इतरांहून अधिक असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे, तेव्हा त्या भीतीने कुणी मोतीबिंदू पिकवत बसू नये. पण शस्त्रक्रियेच्या वेळी आतली पिशवी फाटून जेली बाहेर आली असेल तर धोका बराच वाढतो आणि तो पुढे काही वर्षे राहतो. असे काही झाले असल्यास ते रुग्णाला स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे. आपल्याकडे हे क्वचितच सांगतात.

आमच्या भागात मार लागण्याचे निमित्त तर घरोघरी आहे. लाकूड फोडताना उडालेली ढलपी, करवंदीच्या जाळीतली फांदी, पोरांची गलोल, विटी-दांडूतली विटी. मार बसल्यावर डोळा लाल झाला, चार दिवसांनी निवळला, की प्रकरण मिटले असे आपण समजतो. पडदा त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुटू शकतो.

बसवलेला पडदा पुन्हा का सुटतो?

एके काळी पडदा सुटला म्हणजे डोळा गेलाच, असे समजत. रुग्णाला महिनोन् महिने अंथरुणावर निजवून ठेवत. स्वित्झर्लंडमधील लोझानचे डॉ. ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की रोगाचे मूळ त्या भोकात आहे. भोक शोधा, ते बंद करा, पडदा बसेल. पुढे डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवण्याची पद्धत आली. १९७० च्या सुमारास मायामीतील डॉ. रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातली जेली बारीक उपकरणाने काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. आज भोके लेझरने किंवा गोठवून बंद करतात आणि पडदा भिंतीला चिकटेपर्यंत त्याला आतून टेकू म्हणून वायू अथवा सिलिकॉन तेल भरतात. शंभर रुग्णांपैकी साधारण ८० ते ९० जणांचा पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसतो. उरलेल्यांचा पुन्हा सुटतो. हे उरलेले कोण, याची कारणे नेत्रतज्ज्ञांना ठाऊक आहेत. ती आपणही समजून घेऊ.

पहिले व सर्वांत मोठे कारण म्हणजे डोळ्याच्या आत धरणारी जखमेची खपली. अंगावरची जखम भरताना जसा वण येतो आणि कातडी आक्रसते, तसेच सुटलेल्या पडद्यावर पेशी जमून पातळ पापुद्रे तयार होतात. ते आकसले की बसलेला पडदा सुरकुततो, ओढला जातो आणि पुन्हा निघतो. डॉक्टर याला 'पीव्हीआर' म्हणतात. पडदा सुटलेल्या शंभर रुग्णांत साधारण ५ ते १० जणांना हे होते आणि शस्त्रक्रिया अयशस्वी ठरण्याचे हेच प्रमुख कारण आहे. बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते डोके वर काढते. हे रोखण्यासाठी अनेक औषधे वापरून पाहिली गेली, पण खात्रीचे असे सर्वमान्य औषध अजून हाती आलेले नाही.

ही खपली कुणाला अधिक धरते? ज्यांचा पडदा फार दिवस सुटलेला राहिला त्यांना, ज्यांचा पडदा बराच मोठा सुटला होता किंवा भोके मोठी व अनेक होती त्यांना, ज्यांच्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता किंवा सूज होती त्यांना, मार लागून पडदा फाटला त्यांना आणि ज्यांची शस्त्रक्रिया आधीच एकदोनदा झाली आहे त्यांना. पहिल्या शस्त्रक्रियेआधीच खपली धरू लागली असेल तर धोका अर्थातच जास्त.

दुसरे कारण, एखादे बारीक भोक नजरेतून सुटणे किंवा नंतर नवे भोक पडणे. तिसरे, भोक पडद्याच्या खालच्या भागात असणे. वायू आणि नेहमीचे सिलिकॉन तेल ही दोन्ही पाण्यापेक्षा हलकी, म्हणून ती वर तरंगतात. डोळ्याच्या तळाला टेकू कमी मिळतो आणि खपली धरणाऱ्या पेशी गाळासारख्या तेथेच साचतात. चौथे, टेकू काढल्यानंतरचा काळ. सिलिकॉन तेल काही महिन्यांनी काढावे लागते, आणि ते काढल्यावर काही जणांचा पडदा पुन्हा सुटतो. म्हणून 'तेल काढले, आता सुटलो' असे म्हणून तपासणी थांबवू नये.

आता पोत्याचे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलू नये असे डॉक्टर सांगतात आणि ते पाळावे. पण वर दिलेली यादी पुन्हा वाचा. पुन्हा पडदा सुटण्याच्या मोठ्या कारणांत नाचणीचे पोते कुठेही नाही. या गृहस्थांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांना पडद्यावर खपलीचे पापुद्रे सापडले होते. त्यांच्या कागदावर ते लिहिलेले होते, फक्त त्यांना कुणी वाचून दाखवले नव्हते. मी वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे पोत्यानं नाय ना?" मी म्हटले, "नाही दादा, पोत्याने नाही." माणसाचा डोळा जातो हे दुःख आहेच. त्यावर 'तुझ्यामुळेच गेला' हा डाग कशाला?

पुस्तकात नसलेली कारणे

वैद्यकाच्या पुस्तकातली कारणे अशी आहेत. परंतु माझे स्पष्ट मत आहे की खोडाळा, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातल्या रुग्णाला आणखी तीन कारणे लागू होतात आणि ती डोळ्याच्या बाहेरची आहेत.

पहिले म्हणजे अंतर. पडद्याची शस्त्रक्रिया आमच्या तालुक्यात होत नाही. रुग्णाला मुंबई तरी गाठावी लागते किंवा नाशिक तरी. वर सांगितले की पडदा जितके दिवस सुटलेला राहील तितका खपलीचा धोका वाढतो. मध्यभागी पीतबिंदू नावाची जागा असते, तिने आपण वाचतो, चेहरे ओळखतो. सावली तिथवर पोहोचण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर चांगली वाचते, म्हणून तेथे तासांचा हिशेब असतो. आमचा हिशेब मात्र असा : पैसे जमवायला चार दिवस, सोबतीला माणूस मिळायला दोन दिवस, गाडी मिळायला एक दिवस. दिवाळीनंतर तर निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर गेलेला असतो. आमच्या तालुक्यातल्या मध्य वैतरणेचे पाणी न चुकता मुंबईला पोहोचते. आमचा रुग्ण पोहोचत नाही.

दुसरे म्हणजे झोपण्याची जागा. शस्त्रक्रियेत वायू भरला असेल तर त्याचा बुडबुडा भोकावर नेमका दाबून राहावा म्हणून डोके ठरावीक स्थितीत ठेवावे लागते. बहुतेकदा पालथे, दिवसाचे बरेच तास, काही दिवस ते आठवडाभर. रुग्णालयातून सुटी मिळालेला माणूस कसाऱ्यापर्यंत लोकलमध्ये आणि तेथून पुढे खच्चून भरलेल्या जीपमध्ये येतो. पालथे झोपायचे तर घरात धड सपाट पलंग नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडी घालून तो आपल्या परीने प्रयत्न करतो. तो पाळत नाही असे नाही. त्याला ते पाळता येत नाही.

तिसरे म्हणजे घाट. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबई समुद्रसपाटीला आहे आणि इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर. इतके चढल्यावर हवेचा दाब जवळजवळ ७ टक्क्यांनी कमी होतो आणि डोळ्यातला वायू त्या प्रमाणात फुगू पाहतो. फुगायला डोळ्यात जागा नसते, म्हणून डोळ्याचा दाब वाढतो. विमानप्रवासात हा धोका फार मोठा, म्हणून वायू असेतो विमान वर्ज्य आहे. घाट चढताना तो त्याहून कमी असला तरी बुडबुडा मोठा असेल तर डोळा ठणकू शकतो, नजर अंधारू शकते. नाशिकहून येणाऱ्याला त्र्यंबकचा चढ लागतोच. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगावे : "आमचे गाव घाटावर आहे. आम्हाला लगेच परत जावे लागेल. पालथे झोपायची सोय नाही." अशा रुग्णासाठी डॉक्टर कधीकधी वायूऐवजी तेल निवडतात. हे सांगण्यात कमीपणा नाही. चष्म्याच्या नंबराइतकीच ही माहिती महत्त्वाची आहे.

वायू किती दिवस राहतो हेही विचारून घ्यावे. नुसती हवा आठवडाभरात जाते. 'एसएफ ६' नावाचा वायू साधारण दोन आठवडे राहतो आणि 'सी३एफ८' सहा ते आठ आठवडे. या काळात दुसऱ्या कशाची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यात वायू असल्याचे आधी सांगावे. भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड डोळ्यातला बुडबुडा झपाट्याने फुगवतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट आमच्या भागापुरती महत्त्वाची. आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि अनेकांना तपासणीची कार्डे मिळाली. या आजारात पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडून रक्तस्राव होऊ शकतो, पडदा सुटू शकतो, आणि पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया अशा डोळ्याला अधिक जोखमीची असते. म्हणून ते कार्ड घरात पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. डोळ्याच्या डॉक्टरांपुढे ठेवा.

घरच्या घरी काय पाहावे?

शस्त्रक्रिया झालेल्याने रोज सकाळी चांगला डोळा झाकून दुसऱ्या डोळ्याने समोरचे दार पाहावे. मग उलट करावे. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिले तर चांगला डोळा वाईटाचे झाकून घेतो.

डोळ्यात वायू असताना सुरुवातीला जवळजवळ काही दिसत नाही. त्याने घाबरू नये. वायू कमी होऊ लागला की घागरीतल्या पाण्यासारखी आडवी रेघ दिसते. वरच्या बाजूला स्पष्ट दिसू लागते, रेघ रोज थोडी खाली सरकते आणि मान हलवली की डुचमळते. हे बरे होण्याचे लक्षण आहे. याउलट जी सावली एका बाजूने येते, मान हलवली तरी तेथेच राहते आणि रोज वाढते, ती वाईट. दिसू लागलेले पुन्हा अंधुक होणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, नव्या माशा, नवी वीज, डोळा ठणकणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी निघावे.

डोळ्यात तेल असेल तर ते काढण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. किती दिवस ठेवायचे हे डॉक्टर ठरवतील. काही डोळ्यांत ते जास्त काळ ठेवावे लागते. पण आपणहून विसरू नये. ते विनाकारण राहिले तर काचबिंदू, मोतीबिंदू होतात आणि बुबुळ पांढरे पडते.

दुसऱ्या डोळ्याकडेही लक्ष हवे. एका डोळ्याचा पडदा सुटलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणांना दुसऱ्या डोळ्यातही हा त्रास होतो. तो डोळा बाहुली मोठी करून तपासून घ्यावा. पडदा फाटला आहे पण अजून सुटलेला नाही, अशा वेळी सापडला तर बहुधा लेझरने काम भागते.

माझे मागणे

रुग्णाला 'काळजी घ्या' असे सांगून जबाबदारी संपत नाही, असे मला नम्रपणे वाटते. पडद्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने सुटी देताना मराठीत, मोठ्या अक्षरांत एक कागद द्यावा. डोळ्यात काय भरले आहे, ते किती दिवस राहील, कसे झोपायचे, पुन्हा कधी यायचे, कशासाठी धावत यायचे. त्याची एक प्रत गावच्या आरोग्य केंद्राला आणि आशाताईंना मिळावी. दूरच्या रुग्णाला पहिले आठ-दहा दिवस रुग्णालयाजवळ पालथे झोपायला एक खाट मिळावी. दुसऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का, हे त्या त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे. पण योजनेचे कार्ड असले तरी जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी खिशातूनच जाते, आणि नेमकी तीच पुढच्या तपासणीच्या आड येते. याचाही कुणीतरी विचार करावा.

आणि आम्ही गावोगावचे डॉक्टर? माशा आणि वीज म्हटले की गोळ्यांच्या डब्याकडे हात न नेता रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे. दहांपैकी नऊ जण परत येऊन म्हणतील, "उगाच पाठवलंत." म्हणू द्यावे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ते भिजत दवाखान्यात आले. "डाव्या डोळ्यात वीज चमकली. आज दुपारी." वरईची आवणी चालू होती, तरी ते हातातले काम टाकून आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते आणि त्यांचा मुलगा नाशिकच्या गाडीत बसले. पडदा एके ठिकाणी फाटला होता, पण सुटला नव्हता. लेझर झाले, संध्याकाळी घरी परत. आज त्या एका डोळ्याच्या जोरावर ते शेत करतात, नातवाला शाळेत सोडतात आणि परवा त्यांनी स्वतःच पोते उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवले. त्यात पाच शेर नाचणी होती.

मी ती ठेवून घेतली. पंधरा दिवसांचे माझे देणे मात्र अजून फिटलेले नाही.